कोरडे डोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (खास गोव्यातल्या माणसांसाठी)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पणजीत पाटोला एसी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई आहे, फोंड्याहून कदंबा बसने येते-जाते, आणि बरीच वर्षं ह्या कोरड्या डोळ्यांबरोबर संसार चाललाय. शेजारीण, ऑफिसातली मुलं, बसमधल्या ओळखीच्या बायका, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की नवनवीन बाटल्या शोधत फिरण्याआधी आपला डोळा कशामुळे कोरडा पडलाय ते शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो.

माझ्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी येतं, मग डॉक्टर कोरडे का म्हणतात?

हा पहिला प्रश्न सगळ्यांचाच. बसमध्ये खिडकीशी बसलं की माझ्या डोळ्यांना धार लागते आणि शेजारची मावशी विचारते, "कितें गे, रडटा कित्याक?" (काय गं, रडतेस का?) होतं असं की डोळ्याचा पृष्ठभाग सुकला, चुरचुरायला लागला की मेंदूला वाटतं काहीतरी गेलंय डोळ्यात, मग तो अश्रूग्रंथीला सांगतो सोड पाणी. ते पाणी भसकन येतं पण ते नुसतं पाणी, डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून जातं आणि दोन मिनिटांत डोळा परत कोरडा. म्हणजे पाणी येणं हे बऱ्याचदा कोरडेपणाचंच लक्षण असतं. अर्थात अश्रूंची नळी बंद असली तरी पाणी येतं, अॅलर्जीनेही येतं (त्यात खाज जास्त असते, चुरचुर कमी), त्यामुळे घरी बसून ठरवू नका.

मग नेमकं बिघडतं काय?

डोळ्यावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात खाली चिकट म्यूसिन असतं ज्यामुळे थर डोळ्याला धरून राहतो, मध्ये पाणी, आणि सगळ्यात वर तेल. हे तेल म्हणजे हुमणावर (माशाच्या कालवणावर) खोबरेलाचा तवंग असतो ना तसंच समजा, तवंग आहे तोवर खालचं पाणी लवकर उडत नाही. तेल येतं पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून, त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. आरशासमोर पापणी किंचित बाहेर ओढून बघितलीत तर कडेला ओळीने बारीक ठिपके दिसतील, तीच त्यांची तोंडं.

आता कोरडेपणा दोन वाटांनी येतो. एक, पाणीच कमी बनतं. दोन, पाणी ठीक बनतं पण तेल कमी किंवा घट्ट झालेलं असतं म्हणून पाणी भराभर उडून जातं. दुसरा प्रकार कितीतरी जास्त लोकांना असतो आणि गंमत म्हणजे लोक उपाय करतात ते सगळे पहिल्या प्रकाराचे, म्हणजे वरून पाणी ओतत राहायचं. पुष्कळांना दोन्ही थोडं थोडं असतं.

गोव्यात एवढी दमट हवा, अंगाला घाम सुकत नाही, इथे डोळे कसे कोरडे पडतील?

मीही हेच म्हणायचे. पण आपण दमट हवेत राहतो कुठे? सकाळी नऊ ते सहा एसीत, आणि एसी खोलीतली वाफ काढून पाणी बाहेर टाकतो, ते पाइपातून टपटप पडणारं पाणी कुठून आलं असं वाटतं तुम्हाला? पाटोचं ऑफिस असो, वेर्ण्याची फॅक्टरी असो की कॅसिनोची रात्रपाळी, आत हवा सुकीच. त्यात वाऱ्याचा झोत थेट तोंडावर. मग पुष्कळांचं घरी जाणं मांडवीच्या पुलावरून स्कूटरवर, हेल्मेटची काच वर करून, कारण काच खाली केली की उकडतं. रात्री मे महिन्यात डोक्यावर पंखा पाचवर.

शिवाय जागेजागेचं वेगळं असतं. साखळी, डिचोली, उसगाव, कुडचड्याकडे रस्त्याची लाल धूळ. काजूच्या दिवसांत भट्टीजवळ काम करणाऱ्यांना धूर. किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करणाऱ्या मुलांना दिवसभर वारा आणि ऊन. पावसाळ्यात मात्र माझे डोळे बऱ्यापैकी शांत असतात, म्हणजे हवेचा संबंध आहेच, फक्त तुमच्या नाकासमोरची हवा कुठली ते बघायचं, हवामानखात्याची नाही.

आणि मोबाइल-कॉम्प्युटरचा काय संबंध?

पापणी लवणं. माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की ते निम्म्यावर येतं, कधी त्याहून खाली. आणि जे मिटतो तेही अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. पापणी पूर्ण मिटली तरच ग्रंथीतून तेल दाबून बाहेर येतं आणि थर नव्याने पसरतो. त्यामुळे ऑफिसात दर थोड्या वेळाने मुद्दाम डोळे पूर्ण मिटा, हलकं दाबा, उघडा, असं पाचदहा वेळा. २०-२०-२० वाला नियम पण चांगला (२० मिनिटांनी, २० फुटांवर, २० सेकंद बघायचं), पण बघताना पापण्या मिटवायच्या हे लोक विसरतात आणि भिंतीकडे टक लावून बसतात!

अजून एक फुकटचा उपाय, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा. वर बघितलं की डोळा जास्त उघडा राहतो आणि जास्त सुकतो. आमच्या ऑफिसात मॉनिटरखाली जाड फायली घालून तो उंच केलेला असायचा, मानेसाठी चांगलं म्हणे. मी फायली काढल्या आणि खुर्ची वर केली, मानही ठीक आहे.

मला कुठला प्रकार आहे हे कळणार कसं?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे, चष्म्याच्या दुकानात नाही. चष्म्याचा नंबर काढणं आणि कोरडेपणा तपासणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलांतही ओपीडी असते, खासगी तर गावोगाव. तपासण्या साध्या असतात:

शर्मर टेस्ट, खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. १० च्या खाली आली तर शंका, ५ च्या खाली म्हणजे पाणी खरंच कमी. थोडी टोचते, बाकी काही नाही.

दुसरी, डोळ्यात नारिंगी-पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, पापणी न मिटता तो थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर कच्चा. त्याच रंगाने कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, कुठे ओरखडे पडलेत तेही दिसतं.

आणि तिसरं, डॉक्टरने पापणीची कड बोटाने दाबून तेल कसं येतंय ते बघायला हवं. पातळ, स्वच्छ आलं तर उत्तम, दाट पांढरट आलं किंवा आलंच नाही तर ग्रंथी तुंबल्यात. हे कोणी बघत नसेल तर विचारा, "डॉक्टर, पापण्यांच्या ग्रंथी कशा आहेत?" विचारायला लाजू नका. मला एका ठिकाणी दोन मिनिटांत ड्रॉप्स लिहून बाहेर काढलं होतं, दुसरीकडे पापणी दाबून बघितली तेव्हा कळलं तेलाचंच रडगाणं आहे.

ड्रॉप्स कुठले चांगले?

फार्मसीत गेलात तर फळीवर पंधरा नावं दिसतील, पण आत तीनचारच गोष्टी असतात. सीएमसी म्हणजे कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज (रिफ्रेश टिअर्स त्यातलं), एचपीएमसी म्हणजे हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल-प्रोपिलीन ग्लायकॉलवाले (सिस्टेन त्यातलं), आणि सोडियम हायलुरोनेट. नाव वाचू नका, मागे बारीक अक्षरात घटक असतो तो वाचा, नाहीतर होतं काय की माणूस "ते लागू पडलं नाही" म्हणून दुसरी कंपनी घेतो आणि आत तेच सीएमसी ०.५ टक्के. १ टक्का दाट असतं, जास्त टिकतं, पण घातल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतं, म्हणून ते घरी.

प्रिझर्व्हेटिव्हचं मात्र नीट बघा. पुष्कळ बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, जिवाणू वाढू नयेत म्हणून घालतात पण सारखं सारखं डोळ्यात गेलं तर तेच पृष्ठभागाला इजा करतं आणि कोरडेपणा वाढवतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप्स लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, एकेका दिवसाच्या छोट्या नळ्या मिळतात किंवा खास झडपेची बाटली. महाग पडतात, खोटं कशाला बोलू. पण दिवसातून आठ वेळा स्वस्तातली बाटली ओतणाऱ्या माणसाला मी हेच सांगेन की पैसे दुसरीकडे वाचवा.

एक ड्रॉप निदान तीनचार आठवडे नियमाने वापरून मग मत बनवा. आणि दोन नव्या गोष्टी एकदम सुरू करू नका, बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कळत नाही, बिघडलं तरी कळत नाही.

ड्रॉप घालायची काही पद्धत असते का? मी तर दोनतीन थेंब घालते, पोचायला पाहिजे ना.

एक पुरे. बाटलीतला एक थेंबच डोळ्यात मावतो त्यापेक्षा मोठा असतो, दुसरा आणि तिसरा तुमच्या गालाला आणि ब्लाउजला. हात धुवा, मान मागे, खालची पापणी खाली ओढून खळगा करा, त्यात थेंब, मग डोळा हळू मिटून मिनिटभर राहा, जोरात मिचकावू नका नाहीतर सगळं बाहेर. बाटलीचं तोंड पापणीला, केसाला, बोटाला लावायचं नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, पातळ आधी, दाट नंतर, मलम सगळ्यात शेवटी.

बाटली उघडली की तारीख लिहा तिच्यावर पेनाने, महिन्याने फेकून द्या, अर्धी उरली असेल तरी. घरातल्या दोघांनी एक बाटली वापरायची नाही, नवराबायको असला तरी. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांतून सुडोमोनास नावाचा जिवाणू पसरला, काही लोकांची नजर गेली, काही जण दगावले. म्हणजे ड्रॉप्सना घाबरायचं नाही, पण बाटली फुटलेली, सील उघडलेली, गढूळ दिसणारी असेल तर दुकानदाराला परत.

फार्मसीवाल्याने लाली जाणारे ड्रॉप्स दिले, दोन मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. तेच चालू ठेवू का?

नको हो. लाली घालवणाऱ्यांत नॅफाझोलिनसारखं औषध असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं म्हणून डोळा पांढरा दिसतो. कोरडेपणा तिथेच. रोज घातलं की असर उतरल्यावर पहिल्यापेक्षा लाल, मग परत घाला, अशी सवयच लागते. लग्नाच्या फोटोपुरतं ठीक, रोज नाही.

त्याहून धोक्याचे म्हणजे स्टेरॉइडवाले. बरं वाटतं, खूप बरं वाटतं, आणि म्हणूनच धोका. डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिले तर घ्या, पण तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने आणत राहिलात तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. दाब वाढलेला कळतसुद्धा नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लोरोमेथोलोन असं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने चालू ठेवायचं नाही.

गरम शेक खरंच लागू पडतो का?

तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा उपाय आणि हाच लोक सगळ्यात आधी सोडतात, कारण कंटाळा. तुंबलेलं तेल पातळ व्हायला पापणीला साधारण ४० अंशांच्या वर उब मिळावी लागते, आणि ती टिकावी लागते. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल एक-दोन मिनिटांत गार होतो, म्हणून लोक म्हणतात शेकलं तरी फरक नाही.

मी काय करते सांगते. मोज्यात कच्चे तांदूळ भरून तोंड शिवलंय, मायक्रोवेव्हमध्ये थोडंसं गरम करते, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, चटका नाही ना, मग मिटलेल्या डोळ्यांवर ओला पातळ रुमाल आणि वर तो मोजा, दहा मिनिटं. रेडिओ लावून पडून राहायचं. मग लगेच बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे कडेच्या दिशेने हलकं निपटायचं. बुबुळ दाबायचं नाही. मग पापण्यांची कड स्वच्छ करायची, त्याला तयार वाइप्स मिळतात, नाहीतर डॉक्टर सांगतील तसं. सुरुवातीला दिवसातून दोनदा, नंतर एकदा. फरक कळायला आठवडे लागतात.

वारंवार रांजणवाडी होणाऱ्यांना तर ह्याचा दुहेरी फायदा, कारण ती ह्याच तुंबलेल्या ग्रंथींची भावंडं. पण डोळ्यांना खाज आणि सूज अॅलर्जीची असेल तर गरम नाही, थंड शेक.

पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काही चिकटलेलं दिसत असेल तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचा प्रकार असू शकतो, ऐकायला कसंतरी वाटतं पण खूप लोकांना असतो, त्याचे उपाय वेगळे आहेत, डॉक्टरला दाखवा. टी ट्री ऑइल नेटवर वाचून थेट डोळ्याला लावू नका, भयंकर झोंबतं.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, खोबरेल, गाईचं तूप, त्रिफळ्याचं पाणी… ह्यातलं काय चालतं?

आजी-मावशी प्रेमाने सांगतात, त्यांचा राग नाही. पण डोळ्यात घालायची गोष्ट निर्जंतुक असायला हवी, आणि घरात निर्जंतुक असं काहीच नसतं, तो स्वच्छ घासलेला तांब्यासुद्धा नाही. गुलाबपाण्यात बऱ्याचदा सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह असतं. मध झोंबतो आणि मग धारेने पाणी येतं, त्यालाच लोक "डोळा साफ झाला" म्हणतात. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा जीव असू शकतो, कॉर्नियात गेला तर महिनोन्महिने उपचार चालतात, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना तर जास्तच धोका, म्हणून त्रिफळा भिजवलेलं पाणीही नको.

एरंडेलाची गोष्ट जरा वेगळी आहे. डोळ्यांच्या काही औषधांत एरंडेल खरंच वापरतात, तेलाच्या थरासाठी, पण ते शुद्ध करून, निर्जंतुक करून, नेमकं प्रमाण घेऊन. ते वाचून देवघराशेजारच्या बाटलीतलं एरंडेल डोळ्यात घालायचं नाही. पापणीच्या बाहेर लावणार असाल तर निदान डोळ्यात उतरणार नाही असं बघा.

तुपाचं नेत्रतर्पण (डोळ्याभोवती पाळी करून त्यात तूप भरून ठेवतात ते) करायचंच असेल तर शिकलेल्या वैद्याकडे, आणि कॉर्नियावर जखम नाही ह्याची खात्री आधी नेत्रतज्ज्ञाकडून करून घेऊन. घरी कणकेची पाळी करून प्रयोग नको.

मासे खाऊन डोळे ओले होतात म्हणे? आणि ओमेगा-३ च्या गोळ्या?

तारले-बांगडे खाण्यासाठी गोंयकाराला कारण कशाला लागतं! त्यांत ओमेगा-३ भरपूर असतं हे खरं. गोळ्यांचं मात्र तसं सरळ नाही. अमेरिकेत ५३५ लोकांवर मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, अर्ध्याहून जास्त लोकांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण ओमेगावाल्यांना जास्त बरं वाटलं असं काही दिसलं नाही. त्यामुळे मी गोळ्यांचे पैसे बाजारात घालवते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खारं-सुकं खाऊन दिवस काढते, डोळ्यांना त्याने काही फरक पडलेला दिसला नाही.

पाणी जास्त प्यायलं तर?

तहान भागेल. शरीरात पाणी कमी असेल तर फरक पडतो, एरवी चार लिटर पिऊन डोळ्यावरचं तेल वाढत नाही.

काजळ लावू की नको?

आतल्या कडेवर, जिथे ती ग्रंथींची तोंडं आहेत, तिथे नको. केसांच्या बाहेरून लावा आणि रात्री पूर्ण पुसून झोपा. सुरमा अजिबात नको, त्यात बऱ्याचदा शिसं असतं. लहान बाळांच्या डोळ्यात घरचं काजळ घालणाऱ्या आज्यांशी मी वाद घालून दमले, आता तो वाद तुम्ही घाला.

माझ्या दुसऱ्या गोळ्यांमुळे होत असेल का?

अगदी शक्य आहे, आणि डॉक्टर विचारत नाहीत तोवर कोणी सांगत नाही. सर्दी-अॅलर्जीची सेट्रिझिनसारखी गोळी, नैराश्यावरच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूचे रोज घालायचे ड्रॉप्स. सगळी यादी घेऊन जा. मात्र स्वतः बंद करू नका, विशेषतः काचबिंदूचे ड्रॉप्स, ते बंद केले तर डोळाच जाऊ शकतो.

बायकांना पाळी जायच्या सुमारास हा त्रास वाढतो, हार्मोन्समुळे. आणि डायबिटीस. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अभ्यास आला त्यात डायबिटीसमध्ये गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के. साखर जास्त राहिली की अश्रू कमी होतात, वर कॉर्नियाच्या नसा बधिर होतात म्हणजे डोळा सुकतोय हे जाणवतही नाही. तुम्हाला साखर असेल आणि डोळे "बरे" वाटत असतील तरी दाखवा.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं, सुका पाव घोटाभर पाण्याशिवाय उतरत नाही…

हे टाळू नका. डोळे कोरडे, तोंड कोरडं, सांधे दुखतात, दात भराभर किडतात असं एकत्र असेल तर श्योग्रेन सिंड्रोम असू शकतो, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर हल्ला करते. बायकांमध्ये कितीतरी जास्त. रक्ताची तपासणी असते, संधिवाताच्या डॉक्टरकडे जावं लागतं. आमच्या ओळखीतली एक बाई किती काळ नुसते ड्रॉप्स घालत होती, शेवटी दातांच्या डॉक्टरने ओळखलं!

सकाळी उठल्यावर डोळा उघडतच नाही, चिकटल्यासारखा. असं का?

काही लोकांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, घरच्यांना विचारा, त्यांना दिसतं. त्यात पंख्याचा वारा. पंखा तोंडावरून बाजूला करा, पायाकडे फिरवा, रात्री झोपताना डोळ्याचं दाट जेल किंवा मलम घाला (अंधुक दिसतं, म्हणून सगळी कामं उरकून). सकाळी ओढून उघडू नका, आधी मिटलेल्या डोळ्यात कोपऱ्यातून थेंब सोडा, मग उघडा. चिपडं पिवळी-हिरवी येत असतील तर ते इन्फेक्शन, वेगळी गोष्ट.

डॉक्टरने सायक्लोस्पोरिन दिलंय, पण जळजळतं. सोडू का?

लगेच नको. ते कृत्रिम अश्रू नाहीत, आतली सूज कमी करून स्वतःचे अश्रू वाढवायचं औषध आहे, असर दिसायला तीनेक महिने लागतात आणि जळजळ सुरुवातीलाच जास्त असते. बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात बाटली कपाटात टाकतात. फ्रिजमध्ये चालतं का हे डॉक्टरला विचारा, आणि आधी साधा कृत्रिम अश्रूंचा थेंब घालून पंधराएक मिनिटांनी हे घातलं तर काहींना सोसतं. अगदीच सहन होत नसेल तर डॉक्टरला सांगून बदला, न सांगता गप्प बंद करू नका.

ते प्लग बसवतात, मशीनने उपचार करतात, त्याचं काय?

पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायची बारीक छिद्रं असतात, वर एक, खाली एक. त्यांत सिलिकॉनचा बारीक प्लग बसवला की पाणी डोळ्यातच राहतं. पाणी कमी बनणाऱ्यांना खरंच फायदा होतो. पण पापण्या सुजलेल्या असताना बसवले तर खराब पाणी आत कोंडून राहतं, म्हणून आधी सूज कमी करतात. तेलाच्या ग्रंथींसाठी उब देऊन दाबणारी मशीन्स आणि लाइटचे उपचार आहेत, खर्चिक आहेत, परत परत करावे लागतात. शेक-मालिश नीट करून बघितल्याशिवाय मी त्यावर पैसे घालणार नाही.

हे पूर्ण बरं होतं का?

कारण निघून गेलं तर हो, जसं एखादी गोळी बंद झाली, लेन्स सोडल्या. लेसर करून चष्मा काढलेल्यांचा कोरडेपणा काही महिन्यांत बऱ्याचदा उतरतो. बाकीच्यांचं म्हणाल तर आटोक्यात राहतं. माझे आठवडेच्या आठवडे बरे जातात, मग इन्स्पेक्शन आलं, रात्री उशिरापर्यंत बसले, की परत वाळू खुपायला लागते.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आधी कोरडेपणा सांगावा का?

नक्की सांगा. आत बसवायच्या लेन्सचा नंबर डोळ्याच्या पृष्ठभागाची मापं घेऊन काढतात, पृष्ठभाग कोरडा असेल तर मापच चुकतं. आणि ऑपरेशननंतर कोरडेपणा काही काळ वाढतो. चांगले डॉक्टर आधी काही आठवडे डोळा तयार करून घेतात, घाई करू नका.

कधी धावत जायचं?

जोरात दुखणं, उजेड अजिबात सहन न होणं, नजर एकदम कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, पू, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं. ह्यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी. लेन्स काढून सोबत न्या. रविवार आहे, चतुर्थी आहे म्हणून थांबायचं नाही.

चतुर्थीत काय करता? धूप, कापूर, फटाके, पाहुणे, जागरण…

सगळं करते. आरतीच्या आधी एक थेंब, साधा चष्मा डोळ्यांवर, आणि धूर ज्या बाजूने बाहेर जातो त्याच्या उलट बाजूला उभी राहते. माटोळीची फळं-पानं बांधून झाली, मिरच्या चिरून झाल्या की हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यापाशी न्यायचे नाहीत. घुमट वाजवणाऱ्या मुलांना घाम डोळ्यात उतरतो, त्यांना मी कपाळाला पट्टी बांधायला सांगते, ती ऐकत नाहीत. आणि शेकाचा मोजा त्या दिवसांत लपवून ठेवा, आमच्याकडे एकदा कोणीतरी त्यातले तांदूळ शिजवायला काढले होते.